ऱ्हस्व इ आणि वंदनाताईंचा अंगठा

वंदनाताई,

तुम्ही गेल्यावर ठेवलेल्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मी बोलले नाही. केंद्रप्रमुख सरांनी माझं नाव पुकारलं होतं. मी उठले, माईक हातात घेतला, तोंडाजवळ नेला आणि माझा अंगठा आपोआप बटणावर जाऊन बसला. माईक बंद झाला. लोकांना वाटलं, बाईंचा कंठ दाटून आला. तसं नव्हतं ताई. मला एकदम वाटून गेलं की आता मी नुसते ओठ हलवले तरी आवाज तुमचा निघेल. म्हणून माईक पुढच्याकडे दिला आणि खाली बसले.

बाकीचे बोलले. तुमचा जन्म, तुमचं शिक्षण, किती शाळांवर किती सेवा केली, सगळं सांगून झालं. अंगठ्याचं कोणी काढलं नाही. त्यांनी तो नीट पाहिलाच नव्हता.

आपल्या दोघींच्या वर्गांमधली भिंत एका विटेची. पलीकडे तुमची पहिली-दुसरी, अलीकडे माझी तिसरी-चौथी. अंजनगावहून आपण एकाच ऑटोत यायचो, व्हरांड्यात एकमेकींच्या डब्यातलं खायचो. तरी मी तुम्हाला ओळखते ती त्या भिंतीतून. दुसऱ्या शाळांमधली पहिली फाटकापासूनच ऐकू येते, कऽऽ कमळाचा, गऽऽ गवताचा. तुमच्याकडे ते गाणं नव्हतं. तुम्ही म्हणायचात, अ ओढला की त्याचा आ होतो. कऽऽ, मऽऽ, ळऽऽ असं ओढून शिकवलं की लेकरू बिचारं जसं ऐकलं तसं जोडते आणि कामाळा वाचते. मग आपण त्यालाच ढ म्हणून मोकळे.

तुमच्याकडून भिंतीतून नुसते ठिपके यायचे. अ. इ. उ. प्रत्येकाच्या मागे शांतता. त्या शांततेत तुम्ही हळूच विचारायचात, "संपला का आवाज? कुठी संपला?"

नवीन होते तेव्हा एकदा मी तुमच्या दारातून डोकावले. सगळी लेकरं गप्प बसून बोटं दाखवत होती. एकाचं बोट खिडकीकडे, एकाचं छताकडे, एकीचं स्वतःच्या गळ्याकडे. खोलीत कोणीतरी फिरतंय आणि प्रत्येकाला ते वेगळ्या जागी दिसतंय, असं वाटत होतं. मी दारातच एक पाऊल मागे सरले. तुम्ही मात्र समाधानाने मान हलवलीत आणि पुढचा उ म्हटलात.

आपला वाद तिथूनच सुरू झाला. रोज ऑटोत. मी म्हणायची, ताई, सहा वर्षांच्या लेकराले काय करायचं ऱ्हस्व-दीर्घ? गुण लिहिताना ऱ्हस्व लिहितो, म्हणताना अख्खा महाराष्ट्र गूणच म्हणतो. त्यातून आपण वऱ्हाडी. आपल्या गावात कोणाची वेलांटी चुकली म्हणून कधी काही अडलं का? आधी वाचू द्या, वेलांट्या मागून पाहू. तुम्ही माझं सगळं ऐकून घ्यायचात, कारण गूणबद्दल माझं खरं होतं, आणि ते तुम्हाला माहीत होतं. म्हणून तर तुम्ही गुणपासून सुरुवात कधी केली नाही. तुमचे शब्द वेगळे होते. किती. चिमणी. इकडे. उडी. जिथे ऱ्हस्व खरोखर तोंडात आखूड होतो, तिथूनच तुम्ही लेकरांना आत न्यायचात.

एकदा मी फारच ताणलं, तेव्हा तुम्ही म्हणालात, "अवं संगीता, मी त्याइले वेलांटी नाई शिकवून राहिली. मी थांबनं शिकवून राहिली."

मला ते पटलं नाही. छान वाटलं, पण पटलं नाही. ऑटो अंजनगावच्या स्टँडवर आला आणि आपण उतरलो. वाद अजून त्या ऑटोतच आहे, ताई.

मग तुमचा आवाज बसायला लागला. आधी तुम्ही खडूवर ढकललंत, मग थंडीवर. अमरावतीच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं आणि स्वरयंत्रच काढावं लागेल म्हणून सांगितलं. तुमची प्रज्ञा अकोल्याहून आली. आईचा आवाज मोबाईलमध्ये भरून ठेवावा म्हणून मागे लागली. काही वाच, काही म्हण, मला नुसती हाक मार, म्हणाली. तुम्ही नाही म्हणालात. काहून, ते तिलाही सांगितलं नाहीत. मला विचारायचं होतं. आता कोणाला विचारू? रजेवर जाताना तुम्ही कपाटाची चावी माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, "किल्ली घे." त्यातला कि तेवढा आला, ल्ली घशातच राहिली. तुमच्या गळ्यातून मी ऐकलेला तो शेवटचा शब्द. अर्धा.

तुम्ही परत याल असं कोणालाच वाटलं नव्हतं. मलाही नाही. पण तुम्ही आलात. गळ्याला पांढरा सुती रुमाल, रुमालाखाली श्वास घ्यायचं छिद्र, आणि हातात ते मशीन. छोट्या टॉर्चएवढं. जबड्याखाली डाव्या बाजूला टेकवायचं, अंगठ्याने बटण दाबायचं, आणि ओठ हलवायचे. आधी नुसती गुणगुण यायची, एखाद्या डब्यात माशी अडकल्यासारखी. मग त्या गुणगुणीतून शब्द उठायचे. चढ नाही, उतार नाही. रागावलात की विचारलंत की लाडाने बोललात, सगळं एकाच पट्टीत. पहिल्या दिवशी तुम्ही मला म्हणालात, "चहा झाला का?" आणि मला कळेना की मला चहा विचारताहेत की कोणी मेल्याचं सांगताहेत.

लेकरं भ्याली. पहिलीतली एक पोरगी रडत माझ्या वर्गात पळून आली. दुसरीतले दोघं दप्तर घेऊन फाटकापर्यंत गेले. भिंतीतून मला ती गुणगुण ऐकू येत होती आणि मी माझ्या पोरांना भागाकार शिकवत होते. मधल्या सुट्टीत मी म्हणाले, ताई, घरी जा, मी दोन्ही वर्ग पाहते. तुम्ही मशीन उचललंच नाहीत. नकारार्थी मान हलवलीत.

दुपारी मी तुमच्या दारात उभी राहून पाहिलं. तुम्ही एकही शब्द बोलला नाहीत. एकेका लेकराला जवळ बोलावून मशीनवर हात ठेवू दिलात. त्यांच्या बोटांत ती थरथर गेली तशी त्यांची तोंडं बदलली. मग तुम्ही खुर्चीवर बसलात, मशीन गळ्याला टेकवलंत, ओठ फाकवलेत आणि अंगठा दाबून लगेच उचललात.

इ.

पुन्हा तेच ओठ. या वेळी अंगठा दाबून धरला.

ई.

लेकरं तुमच्या तोंडाकडे नाही, अंगठ्याकडे पाहत होती. तुम्हीही ते पाहिलंत, आणि मला दिसलं की तुमचे डोळे हसले. इतकी वर्षं ऱ्हस्व नुसता ऐकू यायचा. आता तो दिसायला लागला होता. तुम्ही अंगठा खाली नेलात की आवाज जन्मायचा, वर नेलात की मरायचा. लेकरांनी आपापला अंगठा आपापल्या गळ्याला लावला. इ. ई. उ. ऊ. कोणी सांगितलं नव्हतं त्यांना.

दिवाळीपर्यंत तो वर्ग तसाच झाला. खडूची भुकटी गळ्यातल्या छिद्रात जाऊ नये म्हणून फळा मी लिहून द्यायची आणि तुम्ही लांब दाराजवळ उभ्या राहायच्या. मी 'चिमणी' लिहिलं की पाठीमागे चिवचिवाट व्हायचा नाही, नुसती हालचाल व्हायची. वळून पाहिलं की सगळी लेकरं अंगठे गळ्याला लावून, आवाज न करता ओठ हलवत असायची. चि, अंगठा वर. म, अंगठा वर. णी, अंगठा खाली धरलेला. मग हात खाली घेऊन प्रत्येकजण मोठ्याने, एका दमात वाचायचा, चिमणी. आणि बरोबर वाचायचा. त्याच दिवसांत एकदा केंद्रप्रमुख सर भेटीला आले. त्यांनी दारातून ती मुकी खोली पाहिली, थोडा वेळ खुर्चीवर बसले आणि चहा तसाच ठेवून निघून गेले. शेरेपुस्तकात काय लिहावं ते त्यांना सुचलं नसावं.

आणि मग आरोहीची आजी आली.

आरोहीचे आईबाप कामासाठी पुण्याकडे गेलेले, पोरगी आजीजवळ. सहा वर्षांची, बारीक, डोळे मोठे. म्हातारी दारातच उभी राहिली, आत यायला तयार नाही. तुमच्या गळ्याकडे न पाहता माझ्याशी बोलली. पोरगी घरी बोलेनाशी झाली होती. भाकर पायजे तरी अंगठा गळ्यावर ठेवायची आणि नुसते ओठ हलवायची. पुण्याहून आईचा फोन आला तेव्हाही तसंच केलं. तिकडे आई हॅलो हॅलो करत राहिली आणि इकडे पोरगी तिच्याशी बोलतच होती, पण बिनआवाजाची.

"मॅडम, मले वाटते तिच्या अंगात आलं काही," म्हातारी म्हणाली. "शायेतून आलं."

मी काहीतरी समजूत घालणार होते. तुम्ही मध्ये आलात, म्हातारीचा हात धरून तिला खुर्चीवर बसवलंत आणि मशीन पुसून तिच्याच गळ्याला टेकवलंत. श्वास धरा, नुसते ओठ हलवा, असं खुणेनं दाखवलंत. म्हातारीनं डोळे घट्ट मिटले आणि ओठ हलवले. तुम्ही तिच्या गळ्यावर बटण दाबलंत.

"गोदाबाई."

नाव तिचं, आवाज तुमचा. तुम्ही समोर उभ्या, तुमचे ओठ मिटलेले. मी भिंतीला टेकले होते ते आठवतं. म्हातारीनं डोळे उघडले, पदरानं गळा पुसला आणि तुमच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं.

"मंग हा आवाज तुमचा नाई तं," ती हळूच म्हणाली.

तुम्ही मशीन परत घेतलंत. "माहा नाई. मशीनचा हाये." मग आरोहीसमोर खाली बसलात, दम लागला होता तरी, आणि तिचा अंगठा तिच्या गळ्यावरून काढून तुमच्या तळहातावर ठेवलात. "तुह्या गयात तुहा हाये. तो वापर."

पोरगी त्या संध्याकाळपासून घरी बोलायला लागली. म्हातारीनं दुसऱ्या दिवशी माझ्या हाती कढीपत्त्याची जुडी पाठवली, तुमच्यासाठी. तुम्हाला वास येत नव्हता आता, श्वास नाकातून जात नव्हता ना. तरी तुम्ही ती जुडी नाकाजवळ धरलीत. मी पाहिलं नाही असं दाखवलं.

दिवाळीच्या सुट्टीत तुमच्या छातीत पाणी झालं. पुढचं मी लिहीत नाही. तुम्हाला माहीत आहे आणि मलाही.

शाळा उघडली. तुमच्या जागी कोणी आलं नव्हतं, म्हणून मी तुमचा वर्ग बंद करून कुलूप लावलं आणि सगळ्या लेकरांना माझ्या खोलीत घेतलं. मोठी बाकांवर, तुमची लहानगी सतरंजीवर, त्या भिंतीला टेकून. लहान्यांना काय सांगायचं ते कोणालाच कळत नव्हतं. कोणी म्हटलं, बाई गावाले गेल्या. कोणी म्हटलं, बाई आता येनार नाई. मी फक्त हजेरी घेतली.

तेव्हा भिंतीतून आवाज आला, ताई.

गुणगुण. आखूड, आणि बंद. पुन्हा आखूड, आणि बंद. मग एक लांब. मला वाटलं, मलाच ऐकू येतंय. पण सतरंजीवरची सगळी लेकरं ताठ बसली होती आणि एकेकाचा अंगठा हळूहळू गळ्याकडे जात होता. ती भिंतीतून येणाऱ्या आवाजाबरोबर अंगठे उचलत होती. वर, वर, आणि धरलेला. चौथीतली पोरं एकमेकांकडे पाहायला लागली. दुसरीतला एकजण अगदी साध्या आवाजात म्हणाला, "बाई शिकवून राहिल्या."

मला ते दार उघडायचं नव्हतं. पण मागे एवढी लेकरं पाहत असताना मी काय करणार? चावी घेतली आणि कुलूप उघडलं. सगळी माझ्या पाठीमागे. खोलीत कोंदट वास, खुर्चीवर धूळ, फळ्यावर सुट्टीच्या आधी मी तुमच्यासाठी लिहिलेले शब्द. आणि फळ्याच्या मागच्या कोपऱ्यात कुंभारीण माशी. ओल्या मातीची गोळी आणून घर लिंपत होती. माती दाबली की गुणगुण, थांबली की शांत. मी लेकरांना जवळ बोलावून दाखवलं. ती हसली. मोठी पोरं तर फारच मोठ्याने हसली. मीही हसले.

आरोही माशीकडे पाहत नव्हती. ती तुमच्या खुर्चीकडे पाहत होती. आणि एवढं मात्र मी तुम्हाला सांगते, दुसऱ्या कोणाला सांगितलं नाही: माशी थांबलेली असताना तिचा अंगठा उचलला गेला, आणि पुन्हा टेकला, आणि पुन्हा उचलला गेला. कोणाच्या तालावर, मला माहीत नाही.

त्या दिवसापासून ती पुन्हा मुकी झाली. घरीही आणि शाळेतही. म्हातारी आता माझ्याकडे आली नाही. फाटकाबाहेर उभी राहून नुसती पाहायची, आणि ते मला जास्त लागायचं. मी आरोहीला गोष्टी सांगितल्या, रागावले, मांडीवर घेतलं. ती सगळं ऐकायची. वाचायला सांगितलं की अंगठा गळ्यावर, ओठ हलायचे, शब्द बरोबर असायचा, ते ओठांवरून कळायचं. पण आवाज नाही. सहा वर्षांचं लेकरू किती दिवस गप्प राहू शकते? मला भीती वाटायला लागली की ती गप्प नाहीये. ती कोणासाठी तरी जागा राखून बसली आहे.

प्रज्ञा शाळेतलं तुमचं सामान न्यायला आली तेव्हा मधली सुट्टी होती. तुमची छत्री, पाण्याची बाटली, तो लाकडी स्केल. तिच्या पर्समध्ये मशीन होतं. अकोल्याच्या दवाखान्यातल्या बाईंनी सांगितलं होतं म्हणे, कोणाला तरी गरज आहे, देऊन टाका. इथून परतल्यावर ती ते तिथे देणार होती. तिनं ते टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "चार्ज आहे अजून. आईनंच केलं होतं शेवटचं."

आम्ही दोघी त्याच्याकडे पाहत बसलो. आरोही कधी आत आली ते कळलं नाही. तिनं टेबलापाशी येऊन मशीन उचललं, सरळ, आपलं असल्यासारखं, आणि जबड्याखाली डाव्या बाजूला टेकवलं. तुमच्याच जागी. मी उठायला लागले तर प्रज्ञानं माझा हात धरून ठेवला.

पोरीचा अंगठा खाली गेला. ओठ हलले.

"बाई कुठी हाये?"

ताई, तो आवाज तुमचा होता. तुमची ती सपाट पट्टी, तोच डब्यातला घुमारा. कु म्हणताना अंगठा टचकन वर, ठी म्हणताना धरलेला. तुमच्या आवाजात कोणीतरी विचारत होतं की तुम्ही कुठे आहात. प्रज्ञाचा हात माझ्या मनगटावर इतका आवळला की नखं रुतली. तिच्या आईचा आवाज कुठल्याच मोबाईलमध्ये नव्हता. तो इथे होता, एका सहा वर्षांच्या गळ्यावर, आणि आईला शोधत होता.

प्रज्ञा खुर्चीवरून उठून खाली बसली, आरोहीच्या डोळ्यांच्या उंचीला. मला वाटलं, ती रडेल. ती रडली नाही.

"बाई मेल्या, बाळा," ती म्हणाली. "माझी आई होती ती. आजारी होती आणि मेली. आता नाही यायची."

इतके दिवस आम्ही एवढी मोठी माणसं जे बोललो नव्हतो, ते तिनं एका दमात सांगून टाकलं. आरोहीनं ते ऐकलं. मशीन गळ्यावर तसंच होतं. मग तिनं मशीनकडे तिरक्या डोळ्यांनी पाहिलं आणि अंगठा दाबला.

"मंग हे कोन बोलून राहिलं?"

मला तोच प्रश्न होता. प्रज्ञानं हळूच तिच्या हातातून मशीन काढून घेतलं आणि रिकाम्या झालेल्या गळ्यावर आपली दोन बोटं ठेवली.

"तू," ती म्हणाली. "तू बोलून राहिली."

आरोहीनं तोंड उघडलं. आधी नुसती हवा आली. मग खरखरीत, न वापरलेला, तिचा स्वतःचा आवाज.

"मी."

तो दीर्घ असतो. तिनं तो पुरा म्हटला, दम संपेपर्यंत. आणि मग ती रडली, असं भोकाड पसरून की व्हरांड्यातली सगळी लेकरं दारात येऊन उभी राहिली. फाटकाबाहेरून म्हातारी धावत आत आली, चपला न काढता. आणि मला सांगवत नाही इतकं बरं वाटलं ते रडणं ऐकून.

प्रज्ञा मशीन घेऊन गेली. आरोही बोलते. जरा जास्तच बोलते आता, हजेरीच्या वेळी तिला गप्प करावं लागतं. पहिली-दुसरी माझ्याकडेच आहे. मी ओढत नाही. अ, इ, उ म्हणते आणि थांबते. पण "कुठी संपला" असं विचारायची माझी हिंमत होत नाही. लेकरं कुठे बोट दाखवतील, सांगता येत नाही.

मागच्या आठवड्यात भाचीच्या कामासाठी अकोल्याला गेले होते. प्रज्ञाकडे जेवले. निघताना ती म्हणाली, मशीन एका भाजीवाल्याला मिळालं, पलीकडच्या बाजारात बसतो, मी त्या बाजूनं जात नाही. मी पण जाणार नव्हते, ताई. ऑटोवाल्यानं दुसरीकडे रस्ता बंद आहे म्हणून तिथूनच नेलं.

गर्दीत मला तुमचा आवाज आला. तीन वाजता, उन्हात, पालेभाज्यांच्या ढिगांमधून. मी ऑटो थांबवून उतरले. पाय नेत होते तिकडे जात होते. एक पन्नाशीचा माणूस, गळ्याला गमछा, समोर पोत्यावर मिरच्या, लिंबं, कोथिंबीर. मशीन गमछ्यात खुपसून तो ओठ हलवत होता.

"घ्या नं ताई. मीरची ताजी हाये. लींबू घ्या."

मी उभी राहिले. तोच आवाज, तेच मशीन, मी इतक्या वेळा पुसून दिलेलं. पण मीरची. लींबू. त्याचा अंगठा एकदा बसला की शब्द संपेपर्यंत उठतच नव्हता. सगळं लांब, सगळं एकसारखं. तुम्ही मरून गेलात तरी मीरची म्हटली नसती, असं माझ्या मनात आलं, आणि मग लक्षात आलं की मी काय म्हणून बसले.

आवाज तिथे होता, ताई. तुम्ही नव्हतात. तुम्ही त्या मशीनमध्ये कधी नव्हतातच. तुम्ही जिथे अंगठा उचलायचात, तिथे होतात. ऑटोतल्या वादात तुम्ही जिंकलात असं मी अजूनही म्हणणार नाही. गुण आपण गूणच म्हणतो, आणि मी तसंच म्हणत राहणार. पण पुण्यानुमोदनाच्या दिवशी जे आलं नव्हतं ते तिथे, मिरच्यांच्या ढिगासमोर, आलं. पदर डोळ्यांना लावला तरी थांबेना.

भाजीवाला घाबरला. उठून अर्धा उभा राहिला, मशीन गळ्याला टेकवलं आणि तुमच्या आवाजात मला विचारलं, काय झालं ताई.

"काई नाई भाऊ," मी म्हटलं. "तुमची मिरची लय तिखट दिसते."

त्यानं ढिगाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि अंगठा दाबून धरत म्हणाला, "तीखटच हाये, ताई."